नवी जाती

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
प्राणिशास्त्राच्या जुन्या इमारतीत कूलर
वाळ्याचा वास आणि चार थेंब तोंडावर फेकतो.
एवढीच इथली लाट.
भिंतीवर जयगडच्या भरती-ओहोटीचं कोष्टक आहे,
गेल्या वर्षीचं. मी ते काढत नाही.

बशीत ती.
कवचाची लांबी सहा पूर्णांक चार मिलिमीटर,
रुंदी जराशी कमी.
'जराशी' खोडून आकडा लिहावा लागतो.

चिनीमातीचा खेकडा म्हणतात हिच्या कुळाला,
पण हे कूळ खऱ्या खेकड्यांत धरत नाहीत.
चालायचे पाय दिसतात तीन जोड्या.
चौथी, बारीक, मागे दुमडलेली,
कल्ले साफ करते,
लग्नघरात फोटोत न येता
मागच्या दारी भांडी विसळणाऱ्या मावशीसारखी.
तिच्यावर मी पूर्ण परिच्छेद लिहिला.
संपादक कापतील.

प्रणोती भाटकरनं ओहोटीला दगड उलटला,
ही सापडली,
दगड होता तसा पुन्हा पालथा घातला.
चिठ्ठीत तिनं रंग लिहून ठेवलाय:
'पायांवर ठिपके, पिकल्या हापूससारखे.'
मी नागपूरची. ते खोडून लिहिलं, संत्र्याच्या सालीसारखे.
मग तेही खोडलं.
नारिंगी.
आता बघायला गेलं तर काहीच नाही,
अल्कोहोलनं सगळा रंग पिऊन टाकला,
कँटीनच्या कपाइतकी पांढरी झालीय.

"काहून मॅडम," शालिकभाऊ विचारतात,
"समुद्रातला जीव नागपुरात काय करून राह्यला?"
"नाव मागून राह्यला."
मग मी जरा ऐटीत सांगते,
नवी जाती आहे ही भाऊ, जगात कुणी नोंदवली नव्हती.
ते हातातली बाटली खाली ठेवतात.
"आणखी एक जात?
होत्या तेवढ्या कमी पडून राह्यल्या का?"
मी हसले.
हसून झाल्यावर
पेन्सिलीला टोक करत बसले बराच वेळ,
टोक होतं तरी.

डावी नांगी नाही हिला.
ही जमातच तशी, कुणी धरलं की
धरलेलं तेवढं सोडून देते, उरलेली निघून जाते.
बाटलीतून कुठे जाणार, तरी सोडली.
चित्राचा नियम सोपा आहे:
उजवीवरून डावी काढायची,
पण ठिपक्यांच्या रेषेनं.
म्हणजे वाचणाऱ्याला कळावं,
इथे काहीतरी होतं
आणि ते आम्ही पाहिलेलं नाही.
हिशेबाच्या वहीत, घरच्या फोटोत,
कुठेही दुसरीकडे
इतकी प्रामाणिक रेषा मला भेटली नाही.

अधिवास: काळा कातळ, भरतीरेषेच्या खाली.
खिडकीतून सीताबर्डीची टेकडी दिसते.
तोही कातळ तोच,
एकाच जुन्या आगीचा, थंड झालेला.
हे वर्णनात येत नाही. इथे लिहून ठेवते.

नावाचा रकाना अजून कोरा.
स्वतःचं देऊ नये असा रिवाज आहे.
शालिकभाऊंना विचारलं, तुमचं देऊ?
"नको. खोब्रागडे त्या लॅटिनमध्ये बसत नाही,
अन् बसवलं तर मोडते."

दर सोमवारी ते फडताळं उघडतात.
उन्हाळ्यात बाटल्यांतलं अल्कोहोल उडतं,
पातळी बोटभर उतरते.
सरडे उघडे पडतात, माशांच्या पाठी वर येतात.
ते नरसाळं लावून एकेक बाटली
रेषेपर्यंत भरतात,
मधे कुणाशी बोलत नाहीत.
चारशे सतरा बाटल्या. हिची चारशे अठरावी.

ऑगस्टात शालिकभाऊ निवृत्त होतात.
मी कार्यालयात चौकशी केली.
त्या पदाची भरती
बंद आहे.